राजकुमारीचं एकच वाक्य

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण भिलाईत एका दुपारी मी स्वतःच भूत झाले होते, आणि त्या भुतानं मला अजून सोडलेलं नाही.

कारखाना तेव्हा अर्धा उभा राहिला होता, अर्ध्याचं बांधकाम सुरू होतं. आमच्या सेक्टरमधल्या रस्त्यांवर डांबर पडलं नव्हतं. सकाळी वाळत घातलेले कपडे संध्याकाळपर्यंत मुरुमाच्या धुळीनं तांबूस व्हायचे. माझे वडील फिटर होते. भिंतीला भिंत लागून असलेल्या क्वार्टरमधले काका एका रशियन इंजिनियरची जीप चालवायचे. तेही आमच्यासारखे भंडाऱ्याकडचेच, त्यामुळे दोन्ही घरांत भाजीच्या वाट्यांची ये-जा असायची. त्यांची बायको काविळीनं गेली तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. वर्षभरानं त्यांनी दुसरी केली. ती तिरोड्याकडची होती, जेमतेम एकोणीस वर्षांची. मी तिला काकू म्हणायचे.

काकूच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर चांदीचा एक छोटा टाक असायचा. तो पहिलीच्या नावाचा. दुसरेपणाच्या बायकोनं सवतीचा टाक गळ्यात घालायचा, जेवताना पहिला घास तिच्या नावानं बाजूला काढायचा, नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं आणि मग नेसायचं, अशी आमच्याकडची रीत. नाहीतर गेलेली रुसते आणि घराला सुखानं राहू देत नाही. काकू हे सगळं इतक्या मनापासून करायची की मला तिचा राग यायचा. मेलेल्या बाईला एवढं काय भ्यायचं, असं वाटायचं. तेरा वर्षांची होते, शहाणपण उतू चाललं होतं.

काकूला आयुष्याकडून एकच गोष्ट हवी होती. पोरीनं तिला माय म्हणावं. पोर मात्र माझं ऐकून तिला काकूच म्हणायची. काकू तिला न्हाऊमाखू घालायची, तिच्यासाठी मुरमुऱ्याचे लाडू वळायची, ती झोपली की तिच्या तळपायांना तेल चोळायची. पोर लाडू खायची आणि म्हणायची, काकू, अजून एक दे.

काकांनी साहेबांच्या बंगल्यावर एका मुलीचा वाढदिवस पाहिला होता. तिथं मुलं सोंगं घेऊन आली होती आणि एक मुलगी मुकुट घालून राजकुमारी झाली होती. त्यांनी ते घरी रंगवून सांगितलं आणि पोरीनं हट्ट धरला, मले राजकुमारी पाहिजे. आमच्यात वाढदिवस म्हणजे औक्षण आणि शिरा, संपला कार्यक्रम. पण काकूनं मनावर घेतलं. पाचव्या वाढदिवसाला राजकुमारी येईल, असं तिनं पोरीला कबूल केलं आणि मग मला पकडलं. पुठ्ठ्याचा मुकुट करून त्यावर सिगरेटच्या पाकिटातली चांदी चिकटवली. स्वतःचं गुलाबी पातळ मला नेसायला दिलं. मी फक्त आत यायचं, पोरीच्या हातात कापडाची बाहुली द्यायची आणि हसायचं, एवढंच काम.

“खुश झाली म्हणजे म्हणंल मले माय,” मुकुट माझ्या डोक्यावर बसवून बघत ती म्हणाली.

मला एवढ्याशा कामानं समाधान होईना. मी माझ्या मनानं एक वाक्य रचलं आणि कोणाला न सांगता पाठ केलं. राजकुमारी बोलणार म्हणजे आमच्यासारखं मले-तुले थोडीच बोलणार? धड्यातल्यासारखं शुद्ध बोलणार. आणि ते गुलाबी पातळही मला आवडलं नव्हतं. धुऊन धुऊन विटलेलं पातळ राजकुमारी नेसेल का?

खरा शालू कुठं आहे ते मला ठाऊक होतं. नवी बायको घरात आली तेव्हा काकांनी पहिलीची पेटी आमच्या खाटेखाली आणून ठेवली होती, पोरीच्या लग्नापर्यंत सांभाळायला. किल्ली देवाच्या तसबिरीमागच्या खिळ्याला असायची. त्या दुपारी आई भजी तळायला पलीकडे गेली आणि मी पेटी उघडली. हिरवा शालू, लाल काठ, बोटभर जर. डांबरगोळ्यांचा वास नाकात गेला. वर मुकुट ठेवला, पदर कपाळापर्यंत ओढला. पेटीला पुन्हा कुलूप लावलं, किल्ली जागच्या जागी अडकवली.

शेजारच्या दारात मी उभी राहिले तेव्हा खोलीत सात-आठ पोरं, दोन-तीन शेजारणी, काका आणि माझी आई होती. पाट मांडलेला, समोर शिऱ्याचं ताट. काकूच्या हातात औक्षणाचं तबक होतं. सगळे माझ्याकडं बघायला लागले आणि कोणी हसेना. पहिलीचा शालू ओळखून काकांचा चेहरा राखेसारखा झाला. एवढे डोळे बघून माझे पाय लटपटायला लागले, पायांतून कापरं अंगभर चढलं. पोर पाटावरून उठली, भिंतीकडं धावली आणि ओरडली, “माय.”

काकूनं तबक खाली ठेवलं. ती माझ्यासमोर आली, गुडघ्यांवर बसली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. तिचं कपाळ गरम होतं.

“काय पाहिजे तुले, बाई?” तिनं विचारलं.

त्याच क्षणी पदर मागं सारून मी म्हणायला हवं होतं, काकू, मी आहे. पण घाबरलेल्या माणसाला पाठ केलेलं तेवढंच आठवतं. मी ते वाक्य म्हटलं. “मी माझ्या बाळाला महालात न्यायला आले आहे.”

त्या घरात अशी भाषा कोणी बोलत नव्हतं. मलाच माझा आवाज दुसऱ्या कोणाचा वाटला. काकू म्हणाली, “मले ने. पोरीले नको नेऊ.” आणि ती तिथंच आडवी झाली.

आईनं मला दंडाला धरून घरी आणलं, शालू सोडवला, पेटीचं कुलूप बघितलं, किल्ली बघितली. मग विचारलं, “पेटी कावून उघडली?” मार चुकवायला मला एकच वाट दिसली. “मले काही आठवत नाही,” मी म्हटलं. आईनं हात खाली घेतला. अंगात येऊन गेलेली माणसं नेमकं हेच म्हणतात, हे मला माहीत होतं. तिनं मीठमोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली. मोहऱ्या चुलीत तडतडल्या आणि मी सुटले.

दुसऱ्या दिवशी काकू स्वतः आली. माझ्यासमोर बसली, माझा हात हातात घेतला आणि विचारलं, “काल तुले काय झालं होतं, बेटा? खरं सांग.” आई शेजारी तांदूळ निवडत बसली होती. मी आईकडं बघितलं आणि तेच पुन्हा म्हटलं. काकूनं मान हलवली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

तिसऱ्या दिवशी पोरीला ताप चढला. उन्हाळ्याचे दिवस, दर चौथ्या घरात एक पोर तापानं पडलेलं, पण बोलाफुलाला गाठ पडली. काकूनं टाक गळ्यातून काढून देवाजवळ ठेवला, पोरीच्या पायांना शेवटचं तेल लावलं आणि दुर्गहून पॅसेंजर धरून माहेरी गेली. ताप दोन दिवसांत उतरला, जसा तो उतरतोच. त्यानंतर कोणाच्या मनात काही शंका उरली नाही. काका दोनदा आणायला गेले. दोन्ही वेळा तिनं एकच निरोप दिला, मी नसली तर पोर जगंल. पुढं तिच्या माहेरच्यांनी तिचा पाट लावून दिला, असं कानावर आलं.

काका शिफ्टला असले की पोर आमच्याकडं जेवायची, झोपायची. तिच्यासाठी मी खूप केलं. लोक माझं कौतुक करायचे, आणि मी ते ऐकून घ्यायचे.

ती नऊ वर्षांची झाली त्या सकाळी मी तिची वेणी घालत होते. ती आरशात न बघता म्हणाली, “ताई, त्या दिवशी मी काकूले माय म्हटलं होतं.”

मी घातलेला पेड सोडून पुन्हा घातला.

“मले तुझं भेव लागलं होतं. मी तिच्या मागं लपली, तिचा पदर धरला आणि माय म्हटलं. तिनं वळून पायलंच नाही.”

मला तेव्हा आठवलं. काकू औक्षणासाठी भिंतीशीच उभी होती. पोर माझ्याकडं आली नव्हती, माझ्यापासून पळाली होती. दारातून हे सगळ्यांत स्पष्ट मलाच दिसलं होतं. काकूला जे ऐकायचं होतं ते तिनं ऐकलं, आणि मेलेल्या बाईच्या ओटीत घालून टाकलं.

“काकू कावून गेली, ताई? मी लवकर म्हटलं नाही म्हणून?”

खरं सांगायची ती चौथी संधी होती. मी तिच्या वेणीला रिबीन बांधली.

“मले काही आठवत नाही,” मी म्हटलं.