मायनं अंग धरलं

वाशिमच्या कडेलाच आमचा भाजीचा मळा होता, आणि आमची माय म्हणजे अंगानं चांगली भरलेली बाई. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. त्या पावसाळ्यात बाबांनी तापानं अंथरूण धरलं आणि मायनं देवीला नवस बोलून अन्न सोडलं. बाबा स्वतःच्या पायांनी घराबाहेर चालतील, त्याच दिवशी ती जेवणार होती. तोवर दिवसाला पेलाभर ताक आणि गुळाचा खडा.

पहिल्या महिन्यात ती झरझर उतरली. मळ्यातल्या बायका थट्टा करत, "बरं झालं वं, आता वाफ्यातून आमाले वाट तरी भेटते!" मायही हसायची. मग गाल बसले, गळ्याची हाडं वर आली, आणि भेंडी तोडताना बांगड्या हातातून गळून पडू लागल्या. नवरा आजारी असताना सवाष्णीचे हात रिकामे दिसणं म्हणजे अपशकुन. तिनं त्या मनगटाला दोऱ्यानं बांधून टाकल्या.

"माय, काहून जेवून नाही राह्यली तू?" मी विचारायची.

"त्यायले चालू दे, मंग दोन भाकरी जास्त खाईन."

दिवाळीच्या सुमारास दोऱ्याची गरज उरली नाही. बांगड्या हातात घट्ट बसल्या, चेहरा भरला, पाय गुबगुबीत दिसू लागले. मी धावत जाऊन बाबांना सांगितलं, "मायनं अंग धरलं!" त्यांचे डोळे भरून आले. "देवी पावली तिले," ते म्हणाले. शेजारणींनाही ते पटलं, आणि तिला जेव म्हणणं आम्ही सगळ्यांनीच सोडून दिलं.

आता कळतं. उपाशी शरीर आधी साठवलेली चरबी जाळतं, ती सरली की स्वतःचं मांस खातं, आणि शेवटी अंगात पाणी साचतं. तिच्या पोटरीवर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. मला त्याची गंमत वाटायची. ती गंमत मी रोज केली, हे आठवलं की माझीच मला लाज वाटते.

थंडी पडली, आणि एका सकाळी ती मेथीच्या वाफ्यातच कलंडली. उचललं तेव्हा श्वास नव्हता.

त्या दुपारी बाबा अंथरुणातून उठले. धरायला आलेल्यांचे हात त्यांनी झिडकारले आणि तिच्या तिरडीमागं मसणापर्यंत चालत गेले. गर्दीत कुणीतरी म्हणालं, "नवस पुरा झाला बाईचा." त्या माणसाचा मला अजून राग येतो.