मार्थाने विझवलेली पणती

मूर्ख मुलगी व्हायला कोणीच तयार होईना. दहाजणी ओळीत उभ्या आणि दहाही जणींना शहाणं व्हायचं होतं. शेवटी मी चिठ्ठ्या टाकल्या.

दौंडला एका चर्चचं मुलींचं होस्टेल आहे. मी तिथली रेक्टर. रेक्टर म्हणजे आईच्या वाट्याचं ओरडणं पगारावर करणारी बाई. रविवारी बायबल शिकवणंही माझ्याच ड्युटीत येतं. त्या दिवशी दहा कुमारींचा दाखला होता. दाखला म्हणजे येशूनं शिकवण्यासाठी सांगितलेली गोष्ट. दहा मुली दिवे घेऊन नवरदेवाची वाट बघतात. शहाण्या पाचजणींनी जादा तेल आणलेलं असतं, मूर्ख पाचजणींनी नाही. नवरदेवाला उशीर होतो, दिवे विझू लागतात. बिनतेलाच्या पाचजणी तेल मागतात, शहाण्या देत नाहीत, म्हणून त्या आणायला पळतात आणि इकडे लग्नघराचं दार बंद होतं.

नुसतं सांगितलं तर मुली जांभया देतात. म्हणून खेळ. प्रत्येकीच्या हातात पणती, वर पंखा सुरू. जिची पणती जळती राहील तिनं आत हॉलमध्ये यायचं, तिथं भेळ. विझेल तिनं व्हरांड्यात थांबायचं.

मार्था आठवीतली. तिला शहाणीची चिठ्ठी निघाली होती, तेलाची बाटलीही मिळाली होती. "नवरदेव आला," असं मी ओरडले आणि तिनं स्वतःच फुंकर मारून पणती विझवली. मला वाटलं, गंमत करतेय. पुन्हा डाव मांडला. तिनं पुन्हा फुंकर मारली.

मग चर्चेला बसलो.

"शहाण्यांनी दुसऱ्यांना तेल का दिलं नाही?" मी विचारलं.

"खडूस होत्या म्हणून," एकीनं सांगितलं. सगळ्या खिदळल्या.

"मार्था, तुला भेळ नको होती?"

ती खाली बघत म्हणाली, "दार लागलं की लग्नात जावं लागत न्हाई ना, बाई."

"कोणाच्या लग्नात?"

"माझ्याच."

त्याच संध्याकाळी तिचे वडील तिला न्यायला येणार होते. रजेच्या अर्जावर कारण होतं, आजी आजारी. पाळकसाहेबांनी सहीसुद्धा केली होती. पाळकसाहेब म्हणजे आमच्या चर्चचे प्रमुख आणि माझे बॉस.

मी तडक त्यांच्या ऑफिसात गेले.

"पोरी काहीही बोलतात हो," ते म्हणाले.

"साहेब, चौदा वर्षांची आहे ती. माहीत असून पाठवली तर आपणही गुन्ह्यात येऊ."

"शमुवेल आपल्या मंडळीतला माणूस आहे. त्यालाच विचारू."

शमुवेल, मार्थाचे वडील, पाटसकडे उसाचा ट्रॅक्टर चालवतात. घर वडगाव रासाईला. ते आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

"आजी आजारी आहेत की लग्न आहे?" मी विचारलं.

"म्हातारी आजारीच हाय, मॅडम. डोळं मिटायच्या आधी नातीचं बघायचं म्हन्ती."

"नातीचं काय?"

ते खुर्चीत मागं सरकले. मग म्हणाले, "नुस्ती बोलणी झाल्यात. लगीन अठरा सरल्यावरच करू."

पाळकसाहेबांनी बायबल पुढं सरकवलं. शमुवेलनी हात ठेवला, शपथ घेतली.

"झालं समाधान?" पाळकसाहेब मला म्हणाले.

"नाही झालं. बालकल्याण समितीला कळवू." ही मुलांच्या सुरक्षिततेचा निर्णय घेणारी सरकारी समिती.

"चर्चची अब्रू पेपरात घालवायची आहे का तुम्हाला? मुलगी त्याची आहे. जाऊ द्या."

मार्था बॅग घेऊन दारात उभी होती. ती रडली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

मोटरसायकल गेटबाहेर पडली आणि मी मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला. खेड्यात बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकावर असते. ते वडगावच्या घरी पोचले, तर घराला कुलूप. शेजारी कोणी तोंड उघडेना. लग्न यवतच्या पुढं, नवऱ्याच्या मामाच्या वस्तीवर आहे, हे दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. पोलिसांच्या जीपमधून मीही गेले. लग्न लागून गेलं होतं, पहिली पंगत उठत होती. एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला पाहुणेच समजून हाक मारली, "या, बसा, वाढतोच पानं."

मार्था मांडवात बसली होती. हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा.

समितीपुढं मीही हजर होते. तिथल्या मॅडमनी तिला प्रेमानं विचारलं, "बाळा, कुठं राहायचंय तुला?"

"घरी न्हाई," ती म्हणाली. "आन् होस्टेललाबी न्हाई."

"होस्टेलला का नको?"

"तिथनंच तर धाडलं मला."

मी मान खाली घातली. तिला पुण्याच्या बालगृहात पाठवलं. केस अजून चालू आहे. शमुवेलनी शपथ मोडली याचं पाळकसाहेबांना फार वाईट वाटतं. शपथेचं.

मी एवढंच शिकले. होस्टेलमधून न्यायला कोणीही येवो, बाप येवो नाहीतर आजा, आधी मुलीला एकटीला बसवून विचारायचं, तुला जायचंय का. ती नाही म्हणाली तर आधी समितीला फोन, मग साहेबांना. पालकांना यात अपमान वाटतो. वाटू दे.