पत्ता धरून ठेवणाऱ्या कुंदाताई

कुंदाताईंच्या टेबलाच्या खणात टिकल्यांची पाकिटं असत. मोठ्या, जाड, मरून रंगाच्या मखमली टिकल्या. नव्या माणसाला ते खटकायचं, कारण त्यांचं स्वतःचं कपाळ मोकळं होतं. त्यांचे यजमान बाबाराव आमच्याच तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक होते. ते अपघातात गेले आणि त्यांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर कुंदाताई लागल्या. शिक्षण बारावी, पदरात सात वर्षांची वैशाली.

टिकल्या चिपसाठी होत्या. नव्वदच्या दशकात प्रोग्रॅम साठवायच्या मेमरी चिपच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असे. अतिनील दिव्याखाली ठेवलं की आतलं सगळं पुसलं जाई. लिहून झाल्यावर ही खिडकी झाकली नाही, तर उन्हानंही हळूहळू तेच होई. झाकायचे स्टिकर कधी वेळेवर मिळत नसत. कुंदाताई काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून वर टिकली दाबत. समुद्रपूरच्या बाजारातून टिकल्या आणताना काय झालं, ते त्यांनीच मला हसत सांगितलं होतं.

"बांगड्यावाली माह्या कपाळाकडं पाहून राह्यली होती, सर. म्हनलं, मले नाई वो पाह्यजे, आमच्या चिपच्या डोळ्याले पाह्यजे. तिले काय समजलं, देव जाने!"

मी तिथे नुकताच अधिव्याख्याता म्हणून रुजू झालो होतो. कॉलेज जामच्या चौरस्त्यापासून थोडं आत, कपाशीच्या शेतांना लागून. कुंदाताई रोज समुद्रपूरहून एसटीनं जामला उतरत आणि उरलेली वाट पायी चालत. चप्पल प्रयोगशाळेच्या दाराबाहेर काढून आत आल्या की आधी पंखे, मग खिडक्या, मग प्रयोगाचा एकेक सर्किट बोर्ड. बोर्डवरच्या सगळ्या तारा त्यांनी स्वतःच्या हातानं जोडलेल्या होत्या. बाबारावांच्या जुन्या वहीतल्या आकृत्या बघून, चुकत, पोळत त्या सोल्डरिंग शिकल्या होत्या.

मी मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एक छोटा प्रोसेसर, शिकवायचो. त्याच्या पोटात जागा थोडी. प्रोग्रॅम मोठा झाला की तो बाहेरच्या मेमरी चिपमध्ये ठेवावा लागे, आणि खरी गोम तिथेच होती. आठ तारांवरून आधी पत्ता बाहेर जातो, म्हणजे मेमरीतली कोणती जागा हवी ते. क्षणभरानं त्याच आठ तारांवरून तिथली माहिती आत येते. मधे लॅच नावाची लहान चिप तेवढा वेळ पत्ता पकडून ठेवते. हे सांगायला मी फळ्यावर भल्यामोठ्या आकृत्या काढायचो आणि आष्टी, समुद्रपूरकडची मुलं वहीत त्या इमानदारीनं उतरवून कोऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडे बघायची.

एकदा मी तास संपवून परत फिरलो, कारण खडूचा डबा राहिला होता. आत कुंदाताई बोर्ड हातात धरून चारपाच मुलांशी बोलत होत्या.

"दरवाजा एकच आहे, समजलं? पयले प्रोसेसर पत्ता सांगते. मंग तोंड मिटते, काऊन का त्याच तोंडानं त्याले सामान घ्यायचं आहे. मंग पत्ता कोनाच्या ध्यानात राहीन? याच्या." त्यांनी लॅचवर बोट ठेवलं. "हा काही बोलत नाई, काही करत नाई. फक्त पत्ता धरून ठेवते. हा नसला त मेमरीले समजनारच नाई, काय मागून राह्यले थे."

मुलं हसली. पण त्यांना ते समजलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मीही वर्गात तसंच सांगू लागलो. कुठून उचललं, ते मात्र सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात प्रात्यक्षिकं सुरू झाली आणि नवे बोर्ड रुसले. सकाळी नीट चालायचे, दुपारी बाराच्या पुढे वेड्यासारखं करायचे. दोन दिवस मी मुलांच्या प्रोग्रॅमला दोष दिला. तिसऱ्या दिवशी कुंदाताईंनी एकेका चिपला बोटाची पाठ लावून बघितली, काहींवरच्या टिकल्या काढल्या आणि डोळ्यांजवळ नेऊन वरचे आकडे वाचले.

"सर, मेमरी आळशी आहे."

"म्हणजे?"

"जुन्या चिपच्या नावाच्या शेवटी पंचवीस लिहून आहे, नव्याच्या शेवटी पंचेचाळीस. प्रोसेसर हाक मारते, अन् ही उठेपर्यंत थो पुढं निघून जाते. सकाळी कशीबशी उठते, उन्हात नाई उठत."

मी कंपनीचं माहितीपुस्तक काढून पाहिलं. शब्दशः खरं होतं. ते आकडे मेमरीला उत्तर द्यायला किती वेळ लागतो त्याचे होते, आणि नवी चिप आमच्या प्रोसेसरसाठी फार संथ होती. मी प्राचार्यांना दोन पानी अहवाल दिला, चिपा बदलून आल्या, माझं कौतुक झालं. अहवालावर माझं एकट्याचं नाव होतं. कुंदाताईंनी तो टाइप होऊन आल्यावर स्वतः फाइलला लावला. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

काही वर्षांनी कॉलेजची तपासणी झाली आणि नियम निघाला की प्रयोगशाळेत पदविका नसलेला माणूस चालणार नाही. व्यवस्थापनानं कुंदाताईंना मुदत दिली. आमच्याच कॉलेजात नोकरदारांसाठी अर्धवेळ पदविकेचा वर्ग होता. चाळिशीला टेकलेल्या कुंदाताईंनी त्यात नाव घातलं. दिवसभर ज्या मुलांना बोर्ड काढून द्यायच्या, त्यांच्याच बाकावर संध्याकाळी बसायच्या. गणित दोनदा गेलं, तिसऱ्यांदा निघालं. इंग्रजी शब्द वैशाली पाठ करून घ्यायची. "पोरगी मास्तरीन झाली माही," त्या सांगायच्या. "चुकली की कान धरतो म्हनते."

शेवटी एकच विषय उरला, माझा. त्याच उन्हाळ्यात मुदतही संपत होती. लेखी पेपर चांगला गेला. प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेला बाहेरून एक प्राध्यापक आले. विद्वान माणूस. मला पीएच.डी.साठी त्यांच्याच हाताखाली नाव नोंदवायचं होतं आणि त्याबद्दल आदल्याच दिवशी आमचं बोलणं झालं होतं. आतला परीक्षक मी. गुणांवर सह्या दोघांच्या लागत.

कुंदाताई त्या दिवशी इस्त्रीची निळी साडी नेसून आल्या होत्या. स्वतः जोडलेल्या बोर्डसमोर परक्यासारख्या उभ्या राहिल्या. परीक्षकांनी त्यांना पाठमोरं व्हायला सांगून एक तार उपसली. कुंदाताई वळल्या, मीटरची दोन टोकं तीन ठिकाणी टेकवली आणि तार जागेवर बसवली. दोन मिनिटंही लागली नसतील. मग तोंडी सुरू झाली. प्रश्न इंग्रजीत होते. लॅचचं काम काय, असं त्यांनी विचारलं. कुंदाताईंनी पाठ केलेलं वाक्य आठवायचा प्रयत्न केला. ओठ हलले, वाक्य आलं नाही. मग त्या आपल्या बोलीत म्हणाल्या, "थो पत्ता धरून ठेवते, सर. प्रोसेसरचं तोंड एकच आहे ना."

परीक्षक हसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय हो, हे तुम्ही शिकवता? पोस्टमन तयार करताय की इंजिनियर?"

कुंदाताईही माझ्याकडे बघत होत्या. उत्तर बरोबर आहे, एवढंच मी म्हणायचं होतं. हे मीच वर्गात असं शिकवतो आणि मला ते यांनी शिकवलंय, एवढं जरी म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी हसलो. आवाज न करता, परीक्षकांना दिसेल इतपत.

त्यापुढच्या प्रश्नांना कुंदाताई काहीच बोलल्या नाहीत. संध्याकाळी परीक्षकांनी भरलेला गुणांचा कागद माझ्यासमोर सरकवला. उत्तीर्ण व्हायला थोडेच गुण कमी होते. मी सही केली.

पुढची परीक्षा हिवाळ्यात होती, पण मुदत जूनमध्येच संपली. जागेवर पदविकावाला मुलगा आला. कुंदाताईंना भांडारात पाठवलं, कोऱ्या वह्या आणि फिनेलच्या बाटल्या सांभाळायला. प्रयोगशाळेच्या किल्ल्या द्यायला त्या माझ्याकडे आल्या. किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

"सर, एक विचारू काय?"

"विचारा ना."

"त्या दिवशी मी काय बोलली, थे तुमाले ऐकू नोतं आलं काय?"

"आलं होतं."

"होय काय," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, मीच हळू बोलली."

त्या हिवाळ्यात त्या परीक्षेला बसल्या नाहीत. फॉर्म भरा म्हणून मी दोनदा भांडारात गेलो. दोन्ही वेळा त्यांनी मला चहा दिला, वैशालीच्या दहावीचं सांगितलं आणि विषय टाळला. माझी पीएच.डी. रीतसर झाली. दोन हजारनंतर तयार किट आले, मेमरी प्रोसेसरच्या पोटातच मावू लागली आणि ते जुने बोर्ड खोक्यांत भरून भांडारातच गेले. कुंदाताई त्यांच्यावरची धूळ पुसत असत, असं शिपाई सांगायचा. मी बघायला गेलो नाही.

पुढे त्यांना पोटाचं दुखणं लागलं. कळलं तेव्हा उशीर झाला होता. वर्ध्याच्या दवाखान्यात मी एकदा भेटलो, तेव्हा त्या बोलण्याच्या पलीकडे गेल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला की नुसता त्यांचा हात हलला, ते मला नक्की सांगता येणार नाही.

तेरावं झाल्यावर समुद्रपूरला त्यांच्या घरी गेलो. वैशाली आता आष्टीकडच्या शाळेत शिक्षिका होती. तिनं पाणी दिलं, खुर्ची पुढे केली. "सर, आई तुमचं लय नाव काढे," ती म्हणाली. "आमचे सर कोनाले वाईट बोलत नाईत म्हने."

मला ते ऐकवेना. मी तिला सगळं सांगितलं. परीक्षक काय म्हणाले, मी कसा हसलो, कशासाठी गप्प राहिलो, सही कशी केली. मी थांबलो, तेव्हा ती पदराशी चाळा करत म्हणाली,

"मले माहीत आहे, सर. आईनं त्याच दिवशी सांगतलं होतं."

"काय म्हणाल्या होत्या?"

"काही नाई. सर हासले म्हने." ती उठली, माझ्यासमोरचा रिकामा पेला उचलला. "मंग दोन दिवस जेवली नाई."