न केलेल्या चोरीची कबुली

ते प्रकरण अजून आठवतं, आणि आठवलं की आधी हसू येतं. त्या दिवशी मात्र हसायला सवड नव्हती. खून, दरोडे, घरफोड्या, सगळं नोकरीत पाहिलं. पण न केलेली चोरी छाती ठोकून कबूल करणारा माणूस एकदाच भेटला. नावंगावं सांगत नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात आणि एकमेकांच्या लग्नांना जातात.

तेव्हा माझ्याकडे उलव्याच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा चार्ज होता. चारी बाजूंना नवे टॉवर आणि मधेमधे जुनी गावं, असा तो भाग. टॉवरवाल्यांना दर शनिवार-रविवारी काहीतरी हवं असायचं. आज सायकल रॅली, उद्या खाद्यजत्रा, परवा झुंबा. प्रत्येक कार्यक्रमाला लाऊडस्पीकरची परवानगी लागते, त्यामुळे आमचा एक अंमलदार बारा महिने त्याच कामाला जुंपलेला असे. गावांचं वेळापत्रक वेगळं: गावदेवीची जत्रा, क्रिकेटचे सामने आणि होळी. आगरी-कोळी माणसाला होळीपुढे दिवाळी फिकी. तिला ते हावलुबाय म्हणतात, घरच्या बाईमाणसासारखं.

गावाची रीत अशी, की आधीच सावरीचं उंच झाड तोडून आणायचं, हळदकुंकू लावून मैदानाच्या कडेला आडवं ठेवायचं आणि होळीच्या दिवशी सजवून उभं करायचं. नाल्यापलीकडच्या पाड्यानं ते झाड पळवायचं, हीही रीतच. ज्याची होळी गेली त्याची वर्षभर नाचक्की, ज्यानं नेली त्याचा वर्षभर तोरा. पूर्वी यासाठी कोणी ठाण्याची पायरी चढत नसे. पण आदल्या वर्षी या भानगडीत एकाचं डोकं फुटलं, म्हणून शांतता समितीच्या बैठकीत दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी मला शब्द दिला होता: यंदा कोणी कोणाची होळी नेणार नाही, आणि नेलीच तर काठ्या न काढता ठाण्यात यायचं.

होळीच्या सकाळी गावचा पाटील तसाच आला. सत्तरीचा माणूस, पांढरा सदरा, आवाज अगदी शांत.

"साहेब, शबूद दिला व्हता म्हनून आलो. हावलुबाय नेली आमची. पोरं नाक्यावर जमल्यान. संध्याकालपरत मी त्यांना धरून ठेवीन, पुढचा माझ्या हातात नाय."

मी अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि नाक्यावर चार माणसं पाठवली. तेवढ्यात आमच्या चहावाल्यानं खबर आणली. पाड्यातल्या एका तरुणानं मोबाइलवर स्टेटस टाकलं होतं. पेटलेल्या होळीचं चित्र आणि खाली दोन शब्द: 'करून दाखवलं'.

हवालदार त्याला घेऊन आले. चोवीस-पंचवीस वर्षांचा, केस नीट कापलेले, इस्त्रीचा शर्ट. पाठोपाठ त्याचा बापही आला. पोराला ठाण्यात आणलं की बाप रडत येतात, पाया पडतात, निदान आमदाराला फोन लावतात. या माणसानं वडापावचा पुडा आणला होता आणि तो आमच्याच शिपायांना वाटत होता. मला म्हणाला, "साहेब, पोरानं नाव काढला!"

मी तरुणाला आत घेतलं.

"होळी कोणी नेली?"

"आमीच नेली."

"आमी म्हणजे कोण?"

"मी आनि माझे मित्र."

"झाड कुठे आहे?"

"ते नाय सांगनार, साहेब."

"नेलं कसं?"

"खांद्यावर."

"हात पुढे कर."

त्यानं तळवे पुढे केले. एक ओरखडा नव्हता. सावरीच्या खोडाला जाड काटे असतात, आणि हे झाड तासलेलं नव्हतं, असं पाटलानं मला सांगितलं होतं. काटे टोचले नाहीत का, असं विचारलं तर उत्तर तयार होतं.

"हातमोजे घातलेले. एअरपोर्टच्या ट्रेनिंगला दिलेत ना, ते."

खोटं बोलणाऱ्याला मी नेहमी बोलू देतो. तो एक झाकायला जातो आणि दुसरं उघडं करतो. विमानतळ म्हटल्यावर माझी ट्यूब पेटली. नव्या विमानतळावर नोकरी लागलेल्या मुलांची चारित्र्य पडताळणी आमच्याकडेच येत होती. ज्यांच्या जमिनी त्या धावपट्टीखाली गेल्या, त्यांच्या घरात निदान विमानतळावर शिरायचा एक तरी पास यावा म्हणून आईबाप देव पाण्यात घालून बसले होते.

"तुझी पडताळणी माझ्या टेबलावर आहे," मी म्हणालो. "पाटलानं तक्रार कायम ठेवली तर चोरीचा गुन्हा दाखल होईल. मग तुझा पास अडकला म्हणून समज. आता पुन्हा सांग. होळी कोणी नेली?"

तो खिडकीकडे बघायला लागला. बाहेर बाप कोणालातरी टाळी देऊन हसत होता.

"नाय नेली, साहेब," तो अगदी हळू बोलला. "सकाली कळला का गावाची होली गेली. मला वाटला आमच्यातलाच कुनीतरी नेली असंल. स्टेटस टाकला. मग समदीच माझ्याकडं आली. बाबा पन."

"मग बाबांना सांगून टाकायचं."

"कसा सांगू? त्यांच्या टायमाला ते होली आनायला गेलेले, तवा गाववाल्यांनी पकडून त्याच झाडाला बांधून ठेवलेले. आजून लग्नात कुनी ना कुनी ईचारतंच, दोरी सुटली काय म्हनून. आज पैल्यांदा मान वर करून चाललेत."

मी त्याला पाणी दिलं. चोर नाही हे कळलं. पण मग होळी गेली कुठे? पाड्यात झडती घेऊन झाली होती, हाती काही लागलं नव्हतं. गावची पोरं आता ठाण्याच्या फाटकापर्यंत सरकली होती.

आणि इथे गुंता सुटला तो आमच्या हुशारीनं नव्हे. एका मोठ्या सोसायटीच्या सांस्कृतिक समितीच्या बाई परवानगीसाठी आल्या. त्याच मैदानावर संध्याकाळी त्यांचा रंगोत्सव होता: डीजे, रेन डान्स, लहान मुलांची पिचकारी स्पर्धा. बाई कामाच्या. अर्जासोबत नकाशासुद्धा जोडलेला.

"सर, सेफ्टीचं काही टेन्शनच नाही," त्या म्हणाल्या. "ग्राउंड एकदम क्लीन करून घेतलंय. एक भलंमोठं झाड पडलेलं होतं, मुलं अडखळत होती. मी तक्रार टाकली, आणि काल संध्याकाळी कचऱ्याची गाडी येऊन घेऊन पण गेली! हे बघा, आधीचा फोटो, नंतरचा फोटो."

सकाळपासून ठाण्यातच थांबलेला पाटील माझ्यासमोर बसला होता. मी काही बोलायच्या आत त्यानं हात पुढे केला, मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि बराच वेळ बघितला. खोडावरचं हळदकुंकू फोटोत स्पष्ट दिसत होतं.

"ही आमची हावलुबाय," तो म्हणाला.

बाईंना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "काका, मला खरंच माहीत नव्हतं हो. मला वाटलं, कोणीतरी टाकून दिलंय."

मी कचरा उचलणाऱ्या कंत्राटदाराच्या माणसाला फोन लावला. झाड जागेवरच कापून तुकडे केले होते आणि ते कचऱ्यातून पुढे गेलेही होते. आता म्हातारा भडकणार, अशी मी मनाची तयारी केली. पण त्यानं पागोटं सारखं करावं तशी टोपी सारखी केली आणि मला म्हणाला, "पोरांना सांगा, गारीनं कचरा समजून नेली. ताईंचा नाव काढू नका." मग बाईंकडे वळला. "ताई, सांच्याला नारल घेऊन या. दर्शन घ्यावा लागतंय तिचा."

पाटलानं आपला तक्रारअर्ज मागे घेतला. पण बाहेर जाऊन मी पोरांना सांगितलं, तर ती ऐकेनात. एक जण ओरडला, "अवो, तो सोताच बोलतंय ना, मीच नेली म्हनून!" त्यांचंही चुकत नव्हतं. आता एकाच माणसाचं म्हणणं चालणार होतं.

तो तरुण फाटकाशी उभा राहिला. समोर गाव, बाजूला पाडा आणि पाड्याच्या पुढे बाप. त्यानं बापाकडे बघितलं नाही.

"मी नाय नेली. फेकत होतो."

गावची पोरं हसत सुटली. कोणीतरी दोरीचं नाव काढलंच. दंगल टळली, एका पोराची नोकरी वाचली, माझं काम झालं. तरी तो बाप उरलेल्या वडापावचा पुडा कट्ट्यावर ठेवून पोरासाठी न थांबता निघून गेला, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

दुपारी पाड्यातल्या पोरांनी आपल्या बांधावरची सावर तोडली आणि नाल्यापर्यंत आणून गावाच्या ताब्यात दिली. संध्याकाळी होळी वेळेवर लागली. डीजे तेवढा वेळ बंद ठेवला. बाई नारळ घेऊन आल्या होत्या.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा धरत नाहीत. कायद्याला आमचा भरवसा नाही म्हणून ते तसं असेल, असं मी नोकरीभर समजत होतो. त्या दिवशी कळलं, कबूल करणाऱ्याचाही भरवसा नसतो. मार चुकवायला माणूस खोटं बोलतो, तसा बापाची मान वर राहावी म्हणूनही बोलतो.

पुढे त्या तरुणाचा पास आला. बाप पेढे घेऊन ठाण्यात हजर. खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, आता समदा मिटला. आपल्या दोगांतच ऱ्हाईल. पोरानंच नेलेली ना?"

"नाही," मी सांगितलं. "फोटो आहे, गाडीवाल्याचा जबाब आहे. सगळं रेकॉर्डला आहे."

त्यानं मान डोलावली. "बरोबर हाय. नोकरीचा प्रश्न व्हता, पोराला तसाच बोलावा लागला. रेकाडला तसाच ऱ्हाऊ द्या." माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला आणि ताठ मानेनं बाहेर पडला.

त्याला हाक मारून परत बोलवता आलं असतं. मी पेढा तोंडात टाकला आणि पुढच्या माणसाला आत घ्यायला सांगितलं.