राक्षसाचा डावा डोळा

परवा घरातल्या राहिलेल्या कामांच्या यादीतलं तिसरं काम म्हणून फाटक रंगवायला घेतलं. टर्पेंटाइनची बाटली उघडली आणि त्या वासाने मला थेट यावलला, मामीच्या ओसरीवर नेऊन बसवलं.

चाळीसेक वर्षांपूर्वीची मे महिन्याची सुट्टी. मामीचे वडील मुलींच्या गुलाबाईच्या सणासाठी मूर्ती करायचे आणि उरलेल्या मातीतून बोटभर पऱ्या, राक्षस, पंखांचे घोडे घडवायचे. ते गेल्यावर त्यातला एकच राक्षस शाबूत राहिला होता. त्याचा रंग उडाला होता. मामीने तो मला रंगवायला दिला. वरून खाली जायचं ठरवून मी आधी डोळे काढले.

"डोये आधी काढले का, माय?" मामी म्हणाली. "आता तो पाहून राह्यला नं तुले. डोये शेवटी काढता."

तिने टर्पेंटाइनच्या चिंधीने ते हलकेच पुसले. माती जुनी, ठिसूळ होती. पुन्हा पुसलं असतं तर चेहराच गेला असता.

अंग, मिशा, दागिने झाले. उजवा डोळा मामीने काढला आणि चार केसांचा ब्रश माझ्या हाती दिला.

"श्वास सोड, मंग टेकव."

मी टेकवला. तो मातीचा तुकडा एकदम माझ्याकडे बघू लागला. मी मागे सरकले.

"झाला जित्ता," मामी हसली.

तेव्हा त्या नजरेने अंगावर काटा आला होता. आता मामीचं नवल वाटतं. वडिलांच्या हातचं तिच्याकडे तेवढंच उरलं होतं, तरी माझा हात धरायला ती पुढे झाली नाही.