भऱ्याच्या माळावर विमानानं नाक उचललं

"साहेब, पळा! इमानाचं त्वांड वर निगालंय!"

बाळासाहेबांची हाक ऐकली आणि मी हातातला चहा तसाच टाकून धावलो. भऱ्याच्या माळावर धुकं उतरलं होतं. त्यात ते म्हातारं विमान हळूच नाक उचलत होतं. पंख नाहीत, इंजिनं नाहीत, तरी क्षणभर वाटलं, निघालं हे!

मी विमानांच्या मेंटेनन्समधला माणूस. विमान रिटायर झालं की आधी कामाचे पार्ट काढतात, उरलेला सांगाडा भंगारात. असाच एक सांगाडा बाळासाहेबांनी हॉटेलसाठी आणला आणि चाकांवर नीट उभा करायला मला बोलावलं. इंजिनं गेली की शेपूट जड होते, म्हणून तिच्याखाली लोखंडी टेकू लावतात. आम्ही त्याला टेल स्टँड म्हणतो. तो अजून घोटावड्यात वेल्डिंगला होता.

"तो येईस्तोवर आत कुणी जायचं नाही," मी बजावलं होतं. पण मुहूर्त गाठायचा होता ना यांना! आत पूजा मांडली. कार्यात बसतात तसे पुरुष पुढे, बायका मागे. पूजा उरकून पुरुष फोटोला उतरले, पुढचं वजन गेलं. माझं डोकंच फिरलं.

"पटापट उतरा गं!" बाळासाहेब ओरडले.

"गप बसा हो! सगळ्या एकदम पुढे आल्या तर नाक आपटेल."

त्यांनी माझा हात धरला. "आक्का, माजी आय, शेवटच्या सीटवर हाय, साहेब. खुब्याचं आप्रेशन झालंय तिचं."

मग मात्र मीही घाबरलो. खालूनच एकेकीला हाक मारून पुढे घेतलं. बायका चढावरून सीटा धरत आल्या. नाक इतकं अलगद टेकलं, की नोकरीत असं लँडिंग मी पाहिलं नाही.

"कुणी उतरू नका अजून. आक्का, आता तुम्ही या पुढे."

आक्का खिडकीला गाल लावून बसल्या होत्या. बाहेर सगळं पांढरं.

"थांब की रं जरा. ढगात हाय मी."

कोणी हललं नाही. बाळासाहेब डोळे पुसत होते. माझीही घाई कुठल्या कुठे गेली.

दुपारी टेल स्टँड बसला. आधी टेकू, मग नारळ, हे मी आता प्रत्येक मालकाला सांगतो. हॉटेल छान चाललंय. आक्का मात्र त्या टेकूवर अजून चिडून आहेत. "चांगलं उडत हुतं," म्हणतात, "बांदून घातलं मेल्यांनी."