आठचा मिस्ड कॉल

आठवले काकांचा मिस्ड कॉल आला की सकाळचे आठ वाजलेले असत. दोन रिंग आणि कट. अर्थ एवढाच की मी ठीक आहे, तू कामाला लाग. काकू गेल्यावर इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत ते एकटेच राहत, मी दोन गल्ल्या सोडून. आठ-पाचपर्यंत रिंग आली नाही तर किल्ली घेऊन यायचं, असं ठरलं होतं. चुकून फोन उचलला तर मात्र बोलणी खावी लागत.

हा काटेकोरपणा त्यांच्या रेडिओ-सिग्नलवर चालणाऱ्या गजराच्या घड्याळाचा. काका सांगत, "कंब्रियातल्या टॉवरवरून टाइमचा सिग्नल येतो. रात्री इंटरफिअरन्स कमी, तेव्हा ते ऐकतं आणि स्वतःच स्वतःला लावून घेतं. आपण हात लावायचा नाही. माणसाने लावलं की चूक आलीच." मार्चमध्ये इथली उन्हाळी वेळ सुरू होऊन तास पुढे गेला की मी घरभर घड्याळं लावत फिरे. काकांना याचं फार हसू येई.

गेल्या हिवाळ्यात रिंग आठ-दहाला आली. मग एकदा पावणेनऊला. मी तोवर धावत पोचले होते, तर काका फोन खिशात ठेवून चहा गाळत होते.

"अहो काका, नऊ वाजत आले."

"क्लॉक चुकतंय गं. सिग्नल मिळत नसेल."

घड्याळ शेल्फवर स्टीलच्या डब्यांमागे होतं. धातूच्या आड सिग्नल अडतो, हे मला त्यांनीच शिकवलेलं. मग त्यांनीच ते तिथे का ठेवावं, असा प्रश्न मला पडायला हवा होता. घड्याळ दोनच मिनिटं मागे होतं. तेवढ्यावर मी समाधान मानलं, कारण दुसरं काही मला मानायचं नव्हतं. मी ते खिडकीत ठेवलं आणि निश्चिंत झाले.

दुसऱ्या दिवसापासून घड्याळ अगदी बरोबर चालू लागलं. रिंग मात्र कधी नऊला येई, कधी साडेनऊला. मीही थांबायला शिकले. आठ-पाचचा करार मीच मोडला, ही बोच जात नाही.

एका मंगळवारी रिंग आलीच नाही. साडेदहाला मी किल्लीने दार उघडलं. काका दाढी करून, कोट घालून खिडकीसमोर बसले होते. हातात फोन. समोरच्या घड्याळातही साडेदहाच वाजले होते.

"बसा," ते मला म्हणाले. मला ते कधीच अहो-जाहो करत नसत. "आठ वाजू देत. एका मुलीला रिंग द्यायची आहे. नाही दिली तर घाबरते ती."

मी त्यांच्या शेजारी बसले. ती मुलगी मीच, हे सांगायचा मला धीर झाला नाही.